तनू नापास झाली, मावशी

सुलूमावशी,

प्रिय लिहिणार नाही. त्याच्यासाठी आधी राग उतरावा लागतो, आणि माझा अजून उतरलेला नाही. तू असतीस तर तुझ्या दारात येऊन भांडले असते, आणि भांडून झाल्यावर तुझ्याकडचाच चहा पिऊन घरी आले असते. पण तू गेलीस. मागून तुझं दारही भंगारवाल्याने बिजागऱ्यांसकट उचलून नेलं. आता भांडू कुठे?

म्हणून लिहितेय. कुठे बसून, ते विचार. तनूच्या वर्गात, शेवटच्या बाकावर. सहावीत सुटलेली माझी शाळा, आणि आता पंचेचाळिशी उलटल्यावर दुसरीत बसलेय. गुडघे बाकाखाली मावत नाहीत. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तनूच्या आई, वर्गात बोलायचं नाही हं." मला. बोलायचं नाही. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

बोलता येत नाही, तर तनूच्या वहीची मधली पानं काढून लिहितेय. उद्यापासून मी इथे बसणार नाही. म्हणून काय ओकायचं ते आजच ओकून टाकते.

चाळ सोडली आम्ही. तू गेल्यावर महिन्याभरात बिल्डरची नोटीस लागली. तू असतीस तर नोटीस लावणाऱ्याला भोईवाड्याच्या नाक्यावरूनच परत धाडलं असतंस. कोण विरारला गेलं, कोण कळव्याला. गावडेकाका लेकीकडे वरळीला. एवढी वर्षं एका नळाच्या पाण्यावर जगलेली माणसं, चार टेम्पोत संपली.

आणि सामान बांधणं म्हणजे काय ते मला विचार. मी खोके भरायची आणि तनू रिकामे करायची. पोळपाट परत खिळ्याला. डबे परत फळीवर. मी पोळ्या लाटते त्या घरी खाडे, आणि इथे ही पोर एकेक चमचा काढून जागेवर ठेवतेय. मी ओरडले की कान दाबून खाली बसायची, मग उठून पुन्हा तेच. हे बोलले, "राहू दे गं, तिला घर मोडलेलं बघवत नाही." मी बोलले, "मला बघवतंय असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

अँटॉप हिलला खोली घेतली, कारण काय तर बसने जुनी शाळा जवळ पडेल. पहिल्याच दिवशी ड्रायव्हरने हॉर्न दाबला तो सोडेचना. तनू बसमध्ये आडवी झाली. कंडक्टर म्हणतो, "मॅडम, उतरवा तिला." एक बाई म्हणाली, "घरी काही वळण लावता की नाही?" तिला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. शाळेची वही आहे.

मग नवी शाळा शोधली, चालत जाता येईल अशी. मोठ्या बाई चांगल्या आहेत, उगाच खोटं कशाला बोलू. म्हणाल्या, "घेते की. नाही म्हणणार नाही. पण हिच्याबरोबर दिवसभर कोणीतरी लागेल. गेटसमोरच रस्ता आहे. ही उठून चालायला लागली तर मी चाळीस पोरं सोडून धावू का?"

"मग द्या ना कोणीतरी," मी बोलले.

"कसं देऊ? तुमच्या रिपोर्टमध्येच लिहिलंय, वेगळ्या मदतनिसाची गरज नाही."

आठवला का रिपोर्ट? तुझाच प्रताप.

मागच्या वर्षी जुन्या शाळेने सांगितलं, स्पेशल मुलांच्या टीचर घरी येऊन तनूला बघणार, तिला काय जमतं, काय नाही ते लिहिणार. तू पदर खोचलास. आठ दिवस पोरीला घोकवत होतीस. नाव काय? तनू. आंघोळ कोण करतं? मी. त्या दिवशी अख्खा मजला आमच्या खोलीत. गावडेकाका इस्त्रीचा शर्ट घालून पलंगावर. तू आमच्या ओट्याशी, आणि तनू तुझ्या बाजूला, रोजच्यासारखी.

टीचरने विचारलं, "तहान लागली तर सांगते का?"

मी तोंड उघडायच्या आत तू, "सांगता तर. माझ्याकडे येवन उभी रवता. ता सांगणाच न्हय?"

आणि तिच्या हातात पेला दिलास सुद्धा. तिने मागितलं होतं का गं? कोणी कुकर लावायला गेलं, तर शिट्टी व्हायच्या आत तू गॅस बंद केलास, पोर कान दाबेल म्हणून. टीचरने विचारलं, "शाळेत बाथरूमला एकटी जाते?" गावडेकाका म्हणाले, "आमची नात असते ना हात धरायला. तिच्याच वर्गात आहे." सगळ्यांनी अशा माना हलवल्या, जसं काय आपल्याच पोरीचं लग्न जमतंय आणि समोर मुलाकडची माणसं बसलीत.

जाताना त्या बाईला तू जिन्यापर्यंत सोडायला गेलीस आणि वर आल्यावर बोललीस, "आमच्या पोरीक काय एक झालेला नाय. पास झाली." शिरा केलास. मजल्यावर वाटलास. मीही दोन वाट्या खाल्ला, खोटं का बोलू.

मावशी, परीक्षा नव्हती ती. एवढं तुला कळलं नाही? मलाही नाही कळलं, पण मी सहावी, आणि तू तर रात्रशाळेत दहावी झालेली. त्या बाईने बिचारीने जे बघितलं ते लिहिलं. आधार उत्तम, मदतनिसाची गरज नाही. बरोबरच होतं. मदतनीस आमच्याकडे मजलाभर होते. पण कागदावर ते एकट्या तनूच्या नावावर चढलं, आणि आता तू नाहीस, गावडेकाका नाहीत, हात धरणारी त्यांची नात नाही, आणि कागद आहे.

मग माझ्या चकरा सुरू. जुनी शाळा बोलली, मूल आता आमच्याकडे नाही. नवी बोलली, रिपोर्ट आमचा नाही. शिक्षण खात्याच्या ऑफिसातला माणूस बोलला, "वर्षापूर्वी एवढं चांगलं लिहिलंय, मग मुलगी बिघडली कशी?"

मी बोलले, "घर बदललं."

"घर बदलल्याने कोणी बिघडतं का?"

त्याने जन्मात घर बदललेलं नसणार. मी तिथेच खुर्ची ओढून बसले. पुन्हा तपासणीची तारीख मिळेपर्यंत उठणार नाही, बोलले. जेवायच्या सुट्टीत त्याने डबा उघडला, मीही पोळी-भाजी काढली. संध्याकाळी तारीख मिळाली.

हे कुठून तरी गावडेकाकांच्या कानावर गेलं. फोन आला. "मंगल, शनिवारी आम्ही येतोय सगळे. काळजी करू नको. मागच्या वेळी पास केली की नाही?"

"काका, या वेळी नापास करायचीय."

मग म्हणाले, "आपल्या पोरीला आपणच?"

"हो. आपणच. नाहीतर ती घरात बसेल. आणि तुम्ही कोणी यायचं नाही."

ते आलेच. एकटे, इस्त्रीच्या शर्टात. मी त्यांना खाली वॉचमनच्या खुर्चीजवळ बसवून ठेवलं. "वर आलात तर बघा," बोलले.

नवीन टीचर आल्या, नाईक म्हणून. लहानखुऱ्या, शांत. खोके अजून अर्धे बांधलेले, त्यांतल्याच एकावर बसल्या. पहिला प्रश्न तोच. "तहान लागली तर सांगते का?"

तुझं उत्तर माझ्या जिभेवर आलं, मावशी. सांगते तर. अगदी तुझ्याच आवाजात. ते गिळायला मला काय पडलं ते मलाच माहीत. तनू खिडकीपाशी उभी होती. ऐकत असते गं ती, सगळं ऐकत असते. तिच्यासमोर मी बोलले, "नाही. सांगत नाही." बाथरूमला एकटी जाते? नाही. अनोळखी माणसाला नाव सांगते? नाही. रस्ता कळतो? नाही. आयुष्यभर मी लोकांशी भांडले, तनूला हे येतं, ते येतं. त्या दिवशी एकेक करून सगळं परत घेतलं.

तेवढ्यात फेरीची वेळ झाली. तिला घड्याळ कळत नाही, पण ती वेळ कळते. तू रोज संध्याकाळी तिला गॅलरीतून न्यायचीस, नळापासून तुझ्या खोलीपर्यंत, प्रत्येक दाराला हात लावून घराचं नाव घ्यायला लावायचीस. डॉक्टर बोलले होते, ही बोलेल याची खात्री नाही. तू दारांवर बोलायला शिकवलंस. तेवढं तुझं मान्य आहे.

तनू बाहेर गेली. मी आणि टीचर मागून. इथे गॅलरी नाही, काळोखा पॅसेज आहे, आणि सगळी दारं बंद. या इमारतीत येऊन महिना झाला होता, एका माणसाचं तोंड बघितलं नव्हतं मी. तनूने पहिल्या बंद दाराला हात लावला आणि बोलली, "गावडे." दुसऱ्याला, "पवार." तिसऱ्याला, "राणे." आपलीच नावं, ओळीने. शेवटी कोपऱ्यातल्या दाराला हात लावला.

"मावशी."

आणि तिथेच उभी राहिली. दार उघडायची वाट बघत.

टीचरने हळूच विचारलं, "मावशी कोण?"

"वारल्या," मी बोलले. "हिला सांगितलंय. दहा वेळा सांगितलंय."

दार उघडलं. ओल्या हाताची एक बाई, कपाळाला विभूती. तनू तिच्या बाजूने सरळ आत, ओट्याशी जाऊन खाली बसली, तुझ्याकडे बसायची तशीच. ती बाई माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. काय सांगू तिला? तुमचं दार मेलेल्या बाईचं आहे?

"बैठने दो, अम्मा," ती बोलली. "प्यास लगा होगा." आणि माठाखाली पेला धरला.

मी ओरडले. लोकाच्या दारात उभी राहून ओरडले, "देऊ नका! मत दो! मांगने दो उसको!"

बाई दचकली. पेला ओट्यावर ठेवला. तनू पेल्याकडे बघतेय. आणि मावशी, तेव्हा माझी काय गत झाली सांगू? एक मन म्हणत होतं, बोल गं बाय, पाणी म्हण, एकदा म्हण. दुसरं म्हणत होतं, आज नको. आजचा दिवस नको बोलूस. कुठल्या आईवर अशी वेळ यावी?

ती बोलली नाही. उठली, त्या बाईचं ओलं मनगट धरलं, आणि तिचा हात उचलून पेल्यावर नेऊन ठेवला. दुसऱ्याचाच हात लागतो तिला. तुझा असायचा.

टीचर म्हणाल्या, "आता द्या." मग तिथेच, लोकाच्या दारात उभ्या राहून त्यांनी लिहिलं. म्हणाल्या, "मदतनीस हवीच हिला. शिफारस करते. माणूस मिळायला थोडे दिवस जातील, तोवर तुम्ही बसाल वर्गात?"

बसले. तेच चाललंय.

खाली गेले तर गावडेकाका उठून उभे. "काय झालं?"

"नापास."

"बरं झालं," म्हणाले. मग, "म्हणजे वाईटच." मग चष्मा काढून शर्टाला पुसत बसले. इस्त्री गेली शर्टाची. मी त्यांना वर घेऊन आले, बांधलेला खोका फाडून रव्याचा डबा काढला आणि शिरा केला. तुझ्यासारखा नाही झाला. कोपऱ्यातल्या त्या बाईला वाटी नेऊन दिली. सेल्वी नाव आहे तिचं. "क्या खुशी?" तिने विचारलं. मी बोलले, "बेटी फेल हो गयी." तिने वाटी घेतली आणि पुढे काही विचारलं नाही. शहाणी आहे.

उद्यापासून मदतनीस मुलगी येणार. काल तिला सगळं समजावलं. पहिली गोष्ट सांगितली, पाणी आधीच द्यायचं नाही. ती घाबरून बोलली, "आणि नाहीच मागितलं तर?" मी बोलले, "तर हात पुढे ठेव. ती नेईल कुठे न्यायचा तिथे."

माझा राग आहे तुझ्यावर, मावशी, तो राहील. जाताना एवढं तरी सांगून जायचंस की ही माझ्या जिवावर पास झालेय. पण एक शब्द देते. फेरी चुकणार नाही. संध्याकाळी पोळ्यांची कामं टाकून मी स्वतः तिला पॅसेजमधून नेईन. आतापर्यंत दोन दारं वाजवली, नावं विचारली, एकाने तोंडावर बंद केलं. परत वाजवीन. तनूला एकेक नवीन नाव शिकवीन. कोपऱ्यातल्या दाराचं मात्र बदलायला लावणार नाही. सेल्वीला सांगितलंय, तुला ती मावशीच म्हणणार. ती बोलली, "चलेगा."

घंटा झाली. पोरं डबे काढतायत. तनू वळून माझ्या बाटलीकडे बघतेय, आणि मी हात बांधून बसलेय.

तुझी,
मंगल