जांभळ्या बाऊलची चाकरी

ब्रह्मा घाट, वाराणसी
मार्गशीर्षातली धुक्याची सकाळ

तीर्थरूप पद्मावन्संना शरदिनीचा वाकून नमस्कार. (कंबर वाकते तेवढाच, उरलेला मनातून केला आहे, तो धरून घ्यावा.)

तुमचा गुडघा कसा आहे? नागपूरच्या थंडीत तिळाचं तेल चोळता की नुसतंच 'चोळते' म्हणून फोनवर सांगता? आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे मी आहे, घर आहे आणि तुमचे बंधू आहेत, आणि तिघंही अजून एकाच पत्त्यावर आहोत. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन लावला की हे शेजारी येऊन बसतात आणि मध्येच 'ताईला म्हणावं, मधाच्या रंगाचा मिळालाय' असं ओरडतात. मग माझं काय सांगायचं होतं ते राहतं आणि मधाचा रंग तेवढा नागपूरला पोचतो. सध्या हे बाहेर गेलेत, म्हणून लिहायला बसले. कुठे गेलेत ते पुढे येईलच.

गेल्या वर्षी हे बँकेतून निवृत्त झाले तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, 'नीलकंठाला काहीतरी छंद लागू दे, नाहीतर तुझ्या डोक्यावर बसेल.' वन्सं, त्या क्षणी तुमच्या जिभेवर सरस्वती बसली होती, फक्त तिने वाक्य अर्धवट ऐकलं. छंदही लागला आणि डोक्यावरही बसले. सुरुवात अशी झाली की मी यांना फूलगोबी आणायला पाठवलं आणि हे फुलांचा वाडगा घेऊन आले. (दोन्हीत फूल आहे, असं यांचं म्हणणं.) नारिंगी काचेचा, कडेला झालर, आणि उन्हात धरला की डबक्यावर रॉकेल सांडल्यासारखे रंग. मध्ये एक जाडजूड काचेची चकती, तिला भोकं. मी म्हटलं, 'हे काय, साबुदाण्याच्या चकल्या पाडायला?' यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बँकेत बनावट नोट आली तरी एवढ्या दुःखाने कुणी पाहत नसेल. मग समजावून सांगितलं. वाडग्यात पाणी भरायचं, भोकांत देठ खोवायचे, की फुलं उभी राहतात. फार जुनी वस्तू, साहेबांच्या बंगल्यांत असायची, आणि हिला वाडगा म्हणायचं नाही, बाऊल म्हणायचं.

आता गंमत ऐका. आपल्या या काशीत फुलांना काय तोटा? झेंडू आहे, मदार म्हणजे आपली रुई आहे, कमळ आहे, गुलाब आहे. पण सगळी देवाची फुलं, मानेपासून खुडलेली! देठ असलेलं फूल मागायला हे चौकापर्यंत जाऊन आले. माळीण म्हणाली, 'बाबूजी, डंडी का क्या कीजिएगा, भोलेनाथ को चुभेगी.' शेवटी त्या साहेबांच्या बाऊलमध्ये आम्ही कोथिंबीर उभी केली. दिसली छान, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी मी ती आमटीत घातली तर दिवसभर अबोला.

त्यानंतर घरात वाडगे यायला लागले ते इथल्या पंचगंगा घाटावर पुराचं पाणी चढावं तसे, पायरी पायरीने वर. आधी फ्रिजवर, मग टीव्हीशेजारी, मग पाहुण्यांच्या पलंगावर रांगेने. (म्हणून दिवाळीत 'या' म्हणाले नाही. तुम्हाला निळ्या आणि हिरव्याच्या मध्ये झोपवणं मला बरं वाटेना.) माझ्या पैठण्या कपाटातून ट्रंकेत गेल्या, कारण बाऊलना धूळ चालत नाही. मला चालते. हे सगळे येतात विश्वेश्वर कबाड्याकडून. ठठेरी बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे, आणि यांना येताना पाहिलं की तो उभा राहून नमस्कार करतो. जावयालासुद्धा एवढा मान मिळत नाही, आणि का मिळतो तेही उघड आहे. राणीच्या काळचा म्हणून त्याने दिलेला एक गुलाबी बाऊल मी भिजत घातला, तर बुडाखालून बारकोड निघाला. मी तो यांच्या पुढ्यात धरला. हे म्हणाले, 'नंतर कुणीतरी चिकटवला असेल.' कुणीतरी म्हणजे राणीच असणार.

मग जालावर कुठेतरी यांनी वाचलं की एका जातीची हिरवी जुनी काच जांभळ्या उजेडात चमकते. लगेच तसली बॅटरी आली. भर दुपारी दारं-खिडक्या बंद करून आमच्याकडे परीक्षा सुरू झाली. शेजारच्या वासुदेवरावांना वाटलं घरात कुणी सीरियस आहे, ते संत्री घेऊन भेटायला आले. त्या अंधारात वाडगे सगळे गप्प. चमकला फक्त यांचा नीळ घातलेला सदरा, आणि हे 'बघ, बघ' म्हणून हसले तेव्हा यांची कवळी. वासुदेवराव संत्र्यांसकट परत गेले.

इथपर्यंत मी हसून सोडलं असतं. पण आश्विनात विश्वेश्वराने यांच्या कानात फुंकर मारली. मुन्शी घाटाच्या वर इरावतीकाकू म्हणून एक बाई राहतात, त्यांच्याकडे अस्सल जांभळा आहे. काकू आपल्यातल्याच. नवरा संस्कृतचा अध्यापक होता, तो जाऊनही बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. दोन खोल्या, एक गच्ची, एक दृष्टी गेलेला डोळा आणि एक पितळी बाळकृष्ण एवढा त्यांचा संसार. तर त्या बाळकृष्णाची आंघोळ त्या जांभळ्या बाऊलमध्ये होते! नवऱ्याला कुण्या संस्थानिकाच्या घरी शिकवण्याबद्दल भेट मिळालेला. यांनी तो पाहिला आणि परत येऊन जेवलेच नाहीत. काकूंना विचारलं, देता का? काकू म्हणाल्या, 'बघू. कल आना.'

तो 'कल' काही केल्या संपेना. गंगेच्या पुराचं पाणी उतरल्यापासून हे रोज सकाळी पंचगंगेपासून घाटाघाटाने मुन्शी घाटापर्यंत चालत जातात. वाटेत मणिकर्णिका लागते. तिथून जाताना भल्याभल्यांची वासना सुटते म्हणतात. यांची जांभळ्या काचेवरची पकड घट्ट होते. आणि तिथे जाऊन काय करतात, तर काकू सांगतील ते. वर्तमानपत्र वाचून दाखवतात. डोळ्यांत औषध घालतात. गच्चीवरच्या माकडांना काठी दाखवतात. दळण आणतात. डॉक्टरकडे नेतात. बाळकृष्णाला गंध लावतात. आणि वन्सं, बसून वाचा, तुमचा गुडघा आहे: खिचडी करतात! ज्या माणसाने आमच्या घरी इतक्या वर्षांत साखरेचा डबा कोणता हे जाणून घेतलं नाही, तो माणूस तिथे डाळ-तांदूळ धुऊन, हळद घालून, कुकरच्या शिट्ट्या मोजतो. मला हे विश्वेश्वराने सांगितलं. 'बाबूजी के हाथ में स्वाद है, माताजी,' म्हणाला.  मी तो स्वाद कधी पाहिलाच नव्हता.

रागाच्या भरात एक दिवस यांच्या आधी मीच तिथे जाऊन पोचले. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं: वृद्ध झालात, देवाचं करता, एका भोळ्या माणसाला असं झुलवणं शोभतं का, वगैरे. काकू गच्चीत उन्हाला बसल्या होत्या, शेजारी तो बाऊल, आणि जमिनीवर त्याचा जांभळा उजेड पडलेला. मी कोण ते सांगितलं. त्यांनी बऱ्या डोळ्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, 'भांडायला आलीस ना? बैठ जा. आधी चहा घे, मग भांड.' चहा मलाच करायला लावला. मी म्हटलं, 'काकू, तो बाऊल द्यायचा असेल तर देऊन टाका, नसेल तर नाही म्हणा. यांना किती दिवस फिरवणार?'

काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'दिला तर तो उद्या येईल का?'

मी चहा ढवळायला घेतला.

'नाही म्हटलं तर येईल का?'

वन्सं, माझी जुळवलेली वाक्यं चहात विरघळली. 'तू त्याची बायको आहेस, तूच सांग,' त्या म्हणाल्या, 'मी काय करू?'  मी कप विसळून निघाले आणि यांना काही बोलले नाही. (माझी एरवीची शांतता तुम्हाला ठाऊक आहे, त्यावरून मला किती लागलं असेल ते समजा.)

आता मुख्य प्रकार. थंडी पडली. देवालाही ऊन पाणी लागतं, म्हणून काकूंनी यांना बाळकृष्णासाठी पाणी तापवायला सांगितलं. यांनी ते बँकेच्या शिस्तीने खळखळून तापवलं आणि गच्चीवर धुक्यात गारठून पडलेल्या त्या जुन्या काचेत ओतलं. टण्ण झालं. जांभळ्या बाऊलचे मधोमध दोन तुकडे, कलिंगड कापल्यासारखे. बाळकृष्ण अजून यांच्या मुठीतच होता, म्हणून वाचला. काकूंनी आवाज ऐकला. म्हणाल्या, 'देव भाजला नाही ना? हात दाखव. तुझाही नाही ना?' मग स्टीलची वाटी पुढे केली. आंघोळ उरकली. आणि हे निघताना त्या एवढंच म्हणाल्या, 'चल, सुटलास तू. खूप केलंस, बेटा. अब आराम कर.'

हे मला यांनी सांगितलं, आणि सांगताना भिंतीकडे पाहून सांगितलं. फ्रिजवरच्या, पलंगावरच्या एकाही बाऊलकडे पाहिलं नाही. मी टोमणा शोधत होते, एकही सापडला नाही. असं मला लग्नापासून झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा मुद्दाम उशिरा टाकला, म्हटलं आता घाई कशाची? तर हे कानटोपी घालून दारात. 'कुठे?' 'जातो जरा.' मला वाटलं, विश्वेश्वराकडे दुसरा जांभळा शोधायला. मी शाल गुंडाळली आणि मागे निघाले. धुकं एवढं की पुढची कानटोपी दिसायची आणि जायची. हे ठठेरी बाजाराकडे वळले नाहीत, घाटाने सरळ गेले. मी काकूंचा जिना चढले तेव्हा हे जमिनीवर बसून मटार सोलत होते आणि काकू ओरडत होत्या, 'कल नमक जादा था!' मला पाहून हे दचकले. मी विचारलं, 'आता इथे काय आहे तुमचं?'

हे म्हणाले, 'अगं, तिला कुकरचं झाकण उघडत नाही.'

बस्स. एवढंच कारण. मी खाली बसले आणि उरलेले मटार सोलले. (अर्धे किडके होते. खरेदी यांची.)

आत्ताही हे तिथेच गेलेत. तरी वन्सं, तुमचे बंधू सुधारले असा गैरसमज करून घेऊ नका. परवाच एक पोपटी बाऊल आला, त्याची झालर एका बाजूने तुटलेली, तर म्हणे 'अशीच घडण असते.' आणि आज सकाळी मला विचारलं, 'साखर कुठे असते?' मी म्हटलं, काकूंकडे असते तिथेच असेल. एवढं लिहून पुरं करते. भावजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला तेल, खरोखरचं.

तुमची,
शरदिनी

ता. क. — तुमच्या शोकेसमध्ये, फोनच्या शेजारी, एक जांभळ्या काचेचा वाडगा आहे, ज्यात तुम्ही रबरबँड आणि गोळ्यांच्या पट्ट्या ठेवता. तो द्याल का? यांच्यासाठी नाही, यांना तर तो तुमच्याकडे आहे हे आठवतही नाही, नाहीतर निवृत्तीचं पहिलं तिकीट नागपूरचंच काढलं असतं. काकूंच्या बाळकृष्णासाठी हवा आहे. कुरिअरवर माझा भरवसा नाही, तेव्हा साडीत गुंडाळून तुम्हीच घेऊन या. पलंग मी रिकामा करते, यांचे वाडगे गेले खाटेखाली.

ता. क. दुसरा — मघाशी लिहिलं ते पूर्ण खरं नाही. काकू म्हणतात, स्टीलची वाटी छान आहे, पडत नाही, फुटत नाही, देव घसरत नाही. देवाची काही तक्रार नाही. काल मी तिथे बसले होते, ऊन आलं, आणि मी भांडायला गेले त्या दिवशी जमिनीवर जिथे जांभळा उजेड पडला होता, तिथे काही पडलं नाही. मलाच बघवेना. हे यांना मुळीच कळता कामा नये. 'तुलाही वेड लागलं ना?' असं विचारतील, आणि मला नाही म्हणता येणार नाही.