पाचवा ठिपका

प्रिय ताई,

आधी बाबांना गाडीत बसव. मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, म्हणजे उतरताना त्यांचा बरा पाय आधी खाली येईल. चष्मा आणि औषधांची यादी घेतलीस ना? मगच पुढे वाच. आमच्या हॉस्पिटलच्या गाडीवाल्या काकांना मी सांगून ठेवलंय, की आज वाटेत गप्पा नकोत, ताईंना वाचायचंय. पाकीट हाताला जड लागलं असेल. पत्राशिवाय आत आणखी एक वस्तू आहे, ती शेवटी काढ. चाळीस मिनिटांचा रस्ता आहे, तेवढ्यात वाचून होईल. फक्त मध्येच कागद चुरगळून फेकू नकोस. चिडणार तर तू आहेसच.

नर्सने तुला फोनवर सांगितलं असेल, की उद्याच्या डोसआधी एक जादा स्कॅन करायचाय, काळजीचं काही नाही. स्कॅन करायचाय हे खरं. काळजीचं काही नाही हे ती सगळ्यांनाच सांगते. उद्याचा डोस होणार नाही, ताई. पुढचाही नाही. आणि हे माझ्यामुळे झालंय. फोन मीच करणार होते, दोनदा हातात घेतलासुद्धा. पण तू म्हणाली असतीस, अगं रडतेस काय, नीट सांग, आणि मी काहीतरी गोडगोड बोलून वेळ मारून नेली असती. त्या कामात माझा हात कुणी धरणार नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? म्हणून लिहायला बसले. विभागप्रमुखांच्या केबिनबाहेरच्या बाकावर आहे मी. मांडीवर दोन कागद. एक लेखी खुलासा, तो अर्ध्या पानात संपला. दुसरा हा.

बाबांच्या डोक्यात नेमकं काय झालंय, असं तू मला तीन वेळा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी म्हटलं, वय झालं गं. रोज चौदा जणांच्या मेंदूचे स्कॅन करणाऱ्या बाईने सख्ख्या बहिणीला दिलेलं हे उत्तर! आता नीट सांगते. मेंदू दिवसभर काम करतो तसा दिवसभर कचराही करतो. तो वाहून न्यायला रक्तवाहिन्यांच्या बाहेरून, त्यांना अगदी लगटून, एक पातळसं पाणी फिरत असतं. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ते पुढे ढकललं जातं. गाढ झोपेत ही धुलाई सगळ्यात चांगली होते म्हणतात. बाबांचं ब्लडप्रेशर पंधरा वर्षं वाढलेलं होतं आणि पंधरा वर्षं ते म्हणत होते, मला काय धाड भरलीय. त्यात वाहिन्या ताठ झाल्या, ढकलणं कमी झालं, कचरा साचत गेला. पेशींच्या मधे साचला, तिथून त्यांचं विसरणं सुरू झालं, आणि वाहिन्यांच्या भिंतींतही साचला. अशा भिंती ठिसूळ होतात, कुठेकुठे रक्ताचा एखादा थेंब झिरपतो. स्कॅनवर तो काळा ठिपका दिसतो, मोहरीएवढा.

आपण ज्या औषधामागे लागलो होतो, ते हा साचलेला थर सोडवतं. पण सुटलेला थर बाहेर पडणार कुठून? पुष्कळसा त्याच वाहिन्यांवाटे. जुन्या नळाचा गंज खरवडायला जावं आणि कळावं, की नळ त्या गंजावरच उभा होता, तसं होऊ शकतं. म्हणून डॉक्टरबाईंचा नियम आहे: आधी ठिपके मोजायचे. चारपर्यंत असतील तर औषध द्यायचं. पाच असतील तर हात जोडून नाही म्हणायचं, कितीही गयावया केली तरी. तू मला त्या आठवड्यात रोज विचारत होतीस, चारच असतील ना गं, चारच असतील.

पाच होते.

नातेवाइकांचा स्कॅन आपण करायचा नाही, हा आमच्याकडचा साधा नियम. मी हट्ट करून बाबांना माझ्या मशीनवर घेतलं, म्हटलं ते माझ्याच आवाजाला स्थिर राहतात. ते खरंही होतं. पंचवीस मिनिटं हलले नाहीत बिचारे. मग मी पडद्यावर मोजायला बसले. ठिपका दिसला म्हणून लगेच मोजायचा नसतो. कधीकधी स्कॅनच्या एका चकतीत, म्हणजे पातळ कापात, एखादी साधी वाहिनी बरोबर आडवी कापली जाते आणि तीही गोल काळी दिसते. तेव्हा तिच्या वरची आणि खालची चकती बघायची. ठिपका पुढे रेघेसारखा जात असेल तर ती वाहिनी, सोडून द्यायची. जागच्या जागी संपत असेल तर रक्त. पाचवा ठिपका मागच्या बाजूला, डावीकडे होता. मी वर पाहिलं, खाली पाहिलं. तो जागच्या जागी संपत होता. मी तीन वेळा पाहिलं, ताई, आणि तक्त्यात लिहिलं, एकूण चार, पाचवी वाहिनी आडवी कापलेली.

तक्त्याला दोन रकाने असतात. दुसरा रकाना दुसऱ्या तंत्रज्ञाने भरायचा, पहिला न बघता, आणि त्या दोघांवरून डॉक्टरबाई सही करतात. त्या दिवशी माझा जोडीदार तीन पेशंट मागे होता. त्याने माझा आकडा पाहिला, तोच उतरवला आणि हसत म्हणाला, स्वतःच्या बापाच्या डोक्यात कोण खोटं मोजेल? मीही हसले. आता तोही त्या केबिनमध्ये बसलाय. त्याला दोन लहान मुलं आहेत.

तुला आठवतं, सुट्टीत बाबा आपल्याला कामावर न्यायचे? वजनमाप निरीक्षकाच्या पोरी म्हणून दुकानदार आपल्याला स्टुलावर बसवायचे, हातावर गोळी ठेवायचे, आणि बाबा ती परत करायला लावायचे. त्यांची ती लाकडी पेटी, आत मखमलीच्या खाचांत पितळी वजनं. सगळ्यात लहान वजन चिमट्यानेच उचलायचं, बोटाचा घाम लागला तरी ते खोटं होतं म्हणून. मी सातव्या महिन्यात जन्मले आणि माझं नाव पडलं छटाक, तेही त्या पेटीतूनच आलं. आणि त्यांची ती पद्धत! एकदा स्वतः तोलणार, मग दुसऱ्या कुणाला तरी तोलायला लावणार, आपला आकडा न सांगता. दोन्ही जुळले तरच नोंद. एकदा तुला तोलायला लावलं होतं आणि भर बाजारात तू घाबरून पारडंच पाडलंस. मी किती दिवस तुला पारडंपाडी म्हणायची! त्या माणसाची मुलगी आहे मी, आणि एक आकडा नीट लिहू शकले नाही.

चारचा आकडा सांगितला तेव्हा तू फोनवर ओक्साबोक्शी रडलीस. पहिल्या डोसला बाबांना नवा शर्ट घातलास. मी बाजूला उभी होते, बाटलीतून थेंब पडताना बघत होते, आणि तू माझा हात दाबून म्हणालीस, तुझ्यामुळे झालं गं हे.

त्यानंतर दहाव्या दिवशी, रविवारी, मी तुझ्याकडे आले. बाबांचं डोकं सकाळपासून दुखत होतं. तू म्हणालीस, ऊन लागलं असेल. मग त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवायला म्हणून हात नेला आणि कप कडेच्या बाहेर, हवेत सोडला. फुटला तसं तू हसलीस, म्हणालीस, बाबांनी टेबल कमी मापाचं पकडलं. मी पण हसले. पण मला कळलं होतं. टेबलाची उजवी कड त्यांना दिसलीच नव्हती, आणि पाचवा ठिपका डावीकडे मागे आहे. तिथलं बिघडलं की उजवीकडचं दिसेनासं होतं, हे मला शाळेतल्या पाढ्यांसारखं पाठ आहे.

तू झाडू आणायला आत गेलीस. मी खाली बसून तुकडे गोळा करत होते. बाबांनी विचारलं, किती भरलं? त्यांना स्कॅनचं आठवलं होतं, की एखाद्या दुकानातलं, देव जाणे. मी म्हटलं, चार, बाबा. त्यांनी वाकून माझं मनगट धरलं. दोन वर्षांत त्यांची पकड इतकी घट्ट लागली नव्हती. आणि चक्क अहोजाहो करत, जुन्या ऑफिसच्या आवाजात मला विचारलं, दुसऱ्यांदा कुणी तोललं? की दोन्ही वेळा तुम्हीच? माझं नाव त्यांना आठवत नाही, तुझं आठवत नाही, जेवल्याचं आठवत नाही, आणि हे आठवलं. तू झाडू घेऊन आलीस आणि ते पुन्हा खिडकीकडे बघायला लागले.

तरी मी सोमवारी गप्प बसले. मंगळवारी गप्प बसले. तू मेसेज केलास, डोकं थोडं कमी आहे, आणि मी त्यावर अंगठा दाखवला. लाज वाटते लिहायला. आज सकाळी तू लिहिलंस, बाबांनी शर्टाची एकच बाही घातली, उजवी तशीच लोंबत होती, काय गंमत बघ. ते वाचून मी मशीन तसंच सोडून डॉक्टरबाईंकडे गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्या एक शब्द रागावल्या नाहीत. आधी त्यांनी फोन उचलून उद्याचा डोस थांबवला, गाडी कुठे आहे ते विचारलं, आणि मगच माझ्याकडे बघितलं. घाबरू नकोस असं मी तुला लिहिणार नाही. मीच घाबरलेय. आज रक्त झिरपलेलं असेल किंवा नुसती सूज असेल, किंवा काहीच नसेल. आजचा स्कॅन दुसऱ्या मशीनवर आहे आणि मोजायला दोन जण वेगवेगळ्या खोल्यांत बसणार आहेत. मी त्यांत नाही, आणि इथे पुन्हा असेन असं वाटत नाही.

आता जे खुलाशात नाही ते. खुलाशात मी लिहिलंय, वडिलांवरच्या प्रेमापोटी माझ्याकडून ही चूक घडली. मघाशी उठून तो कागद आत देऊन आले, तेव्हा प्रमुखांनी ते वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. खोटं आहे ते. मागच्या महिन्यात तुझ्या स्वयंपाकघरात तू कढई घासत होतीस, माझ्याकडे पाठ करून, आणि म्हणालीस, हे औषध मिळालं नाही तर बाबांना तू ने. सहा वर्षं झाली, माझ्यात त्राण उरलं नाही. मी म्हटलं, हो हो, बघू की. त्या पाचव्या ठिपक्यापुढे बसले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे बाबा नव्हते, ताई. माझी खिडकीजवळची खोली होती. सहा वाजता ड्यूटी संपवून मी घरी जाते आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मला कुणी हाक मारत नाही, ती खोली. चार लिहिलं की ती खोली माझी राहणार होती. मी ती वाचवली, आणि त्यासाठी बाबांचं डोकं पणाला लावलं. प्रेम कसलं आलंय!

आता पाकिटातली वस्तू काढ. माझ्या घराची किल्ली आहे, आणि जड लागते ती तिला बांधलेल्या बाबांच्या पेटीतल्या वजनामुळे. लहानपणी मी ते चोरलं होतं, तेही आजच कबूल करते. तू माफ करावंस म्हणून हे पत्र नाही. बाबांना माझ्याकडे दे, एवढं मागायला लिहिलंय. डॉक्टरबाईंनी त्यांना ठेवून घेतलं तर हॉस्पिटलमध्ये मी राहीन. घरी सोडलं तर माझ्या घरी आण. खिडकीजवळचा पलंग मी काल रात्री झोप येईना तेव्हाच मोकळा केलाय, टेबल उजवीकडून काढून डावीकडे लावलंय. तू मात्र तुझ्या घरी जा, दार लाव आणि झोप. सहा वर्षं तू त्यांच्या पलंगाच्या आवाजावर एक कान ठेवून झोपलीस. डोकं धुवायला झोप लागते, हे वर लिहिलंच आहे, आणि तुझ्याही डोक्यात सहा वर्षांचं साचलंय. उठलीस की मला काय बोलायचं ते बोल, मी वेळ मारून नेणार नाही. आता बाबांना उतरव, डावा पाय आधी. मी दारातच उभी आहे.

तुझीच,
छटाक