गोधडीचा चौथा कोपरा

प्रिय ॲबी,

तुझ्या गोधडीला किनार लावून झाली. इकडे पेंडल हिलच्या साडीच्या दुकानात मरून सुती कापड मिळालं, आजीच्या लुगड्याच्या तुकड्यांना शोभतं. डॅडी म्हणाले, आता कुठे गोधडी दिसतेय, आधी नुसती चिंध्यांची सभा होती. निम्म्या चिंध्या त्यांच्याच शर्टांच्या आहेत, हे मी बोलले नाही.

कोपरे मायटरचे केलेत, फोटोच्या चौकटीसारखे, दोन पट्ट्या तिरक्या भेटणारे. वसईच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आम्हाला ते वेदीच्या कापडावर शिकवले. माझ्या शेजारी लीना बसायची, तीच तुमच्या टूवूंबाच्या हॉस्पिटलातली नर्स लीनाआंटी. शिलाई कडेपर्यंत न्यायची नाही, जरा आधी थांबायचं. मग पट्ट्या तिरक्या जोडून मागचं जादा कापड कापायचं, नाहीतर कोपरा फुगतो. तू लहानपणी बाहुलीची चादर शिवताना दर वेळी कडेपर्यंत जायचीस, थांबवलं की रुसायचीस. आता प्रत्येक वाक्य अर्ध्यावर थांबवतेस.

परवा व्हिडिओवर आपण बोलत होतो, तेव्हा मागून शेल्डन म्हणाला, "पुट इट ऑन स्पीकर." त्यानंतर तू फक्त हवेबद्दल बोललीस. फार उकडतंय म्हणालीस, आणि अंगात लांब बाह्यांचा स्वेटर. लीनाआंटीकडे जाऊन ये म्हटलं, तर गाडीची किल्ली शेल्डनकडे असते म्हणालीस आणि हसलीस. ते हसू माझ्या ओळखीचं नव्हतं.

गोधडी बेडला आखूड पडते, किनार लावून दे, असं तू कळवलंस. बाळा, त्या बेडचं माप मीच घेतलं होतं. तू पाठवलेलं पार्सल उघडलं तर गोधडीची एक बाजू फाटलेली. उसवलेली शिवण मला कळते. ही कुणीतरी ओढून फाडलेली होती. डॅडींनी त्यावरून हात फिरवला आणि ते मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले.

जावयाला मराठी येत नाही म्हणून लग्नात मी कुरकुरले होते. आज त्याबद्दलच देवाचे आभार मानते. हे पार्सल आधी तो उघडेल. उघडू दे. भाषांतरासाठी पत्रावर फोन धरला तरी काही हाती लागायचं नाही, माझं अक्षर फोनला वाण्याच्या यादीतसुद्धा लागत नाही. चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेल्या तुला मात्र लागतं. तीन कोपऱ्यांमागचं कापड मी कापलंय. चौथा कोपरा, फाटक्या बाजूचा, तसाच ठेवलाय. हाताला जाड लागेल. शेल्डन कामावर गेला की तो उसव. आत तुझ्या गाडीची दुसरी किल्ली आहे, लग्नाआधी आपल्या गिरावीनच्या घरी राहिलेली. लीनाआंटीला सगळं सांगितलंय, ती रोज सकाळच्या शिफ्टला असते. सरळ हॉस्पिटलात तिच्यापाशी जा. कपडे भरत बसू नकोस, गोधडीही तिथेच राहू दे. मी दुसरी शिवेन.

तुझीच,
मम्मी