मंडपाच्या वायरीवरचा एसी

चिखलोली, सोमवार

प्रिय ऋतिका,

माझं पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही दोघं बरे आहोत. फोनवर मला दोन वाक्यांच्या पुढे बोलता येत नाही, आणि आईच्या हातात फोन गेला की तो माझ्याकडे परत येत नाही, म्हणून लिहितोय. उल्हासनगरला माहेरी, तुझ्या आईकडे तरी दुपारची लाईट असते का? इकडे रोज जाते. मग आई तुझ्या खोलीत जाऊन आडवी होते. तिकडे वारा येतो म्हणते. वारा तिकडेही येत नाही, पण मी काही बोलत नाही.

गाडीचं सांगायचं होतं. तू माहेरी जाताना म्हणालीस, अक्षयची गाडी ठेवायची की विकायची ते तुम्ही दोघं ठरवा, तुमच्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही. आम्हाला ती जाऊ द्यायची नव्हती, हे तुला माहीत आहे. अक्षय गेल्यापासून ती दारात उभी आहे आणि आई रोज सकाळी तिची काच पुसते. तरी बदलापूरच्या कैलासचा फोन आला तेव्हा माझ्याने नाही म्हणवलं नाही. तोही तुमच्या गाडीसारख्याच, आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्या सहलींना भाड्याने देतो. त्याची अट एकच होती. वांगणीला दौलतरावांच्या शेतावर तंबू आणि अशा गाड्या लावायची जागा आहे, तिथल्या विजेवर एसी तासभर चालवून दाखवायचा. चालला तर गाडी तिथूनच नेणार, नाही तर व्यवहार नाही. काल कैलासच गाडी चालवत आम्हाला घेऊन गेला. आईने डबा घेतला होता. 

शेतावर आंब्याखाली गाडी लावली. दौलतरावांनी लांबून ओढत आणलेली आपली वायर झाडाजवळच्या बोर्डाला जोडली आणि त्या बोर्डात गाडीचा प्लग लावला. एसी सुरू झाला, पंख्याचा वारा आला, आई आत पलंगावर टेकली. थोड्या वेळाने मागून घुं असा आवाज आला आणि सगळं बंद. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी कैलास घाम पुसत खाली उतरला आणि म्हणाला, "काका, मी गाडी घ्यायला आलोय, भट्टी नाय. याचा कॉम्प्रेसर गेला." मी गप्प राहिलो. आईने मात्र लगेच डबा पिशवीत भरला. "चला, नाही जमत तर नाही जमत. उन्हं उतरायच्या आत घरी जाऊ." इतक्या दिवसांत तिचा आवाज मी एवढा मोकळा ऐकला नव्हता. खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं.

मला कारण कळलं होतं, ऋतिका. उल्हासनगरच्या वर्कशॉपमध्ये अक्षय या गाडीचं वायरिंग करायचा तेव्हा मी टॉर्च धरायला जायचो, आठवतं? तू कपाटांना पिवळा रंग देत असायचीस आणि तो माझ्यावर ओरडायचा, पप्पा, टॉर्च भिंतीवर नको, माझ्या हातावर धरा. तेव्हाच त्याने मला सांगितलं होतं की एसी बंद पडला तर आधी एसीकडे बघायचं नाही, त्याला वीज कुठून येते तिकडे बघायचं. कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम जास्त वीज ओढतो. वायर बारीक आणि लांब असली तर व्होल्टेज खाली बसतं आणि गाडीतलं यंत्र एसी वाचवायला सगळं बंद करतं. दौलतरावांची वायर झाडामागे गुंडाळून पडली होती. मी सहज हात लावला तर ती गुंडाळी तापली होती. त्यांचा मंडपाचा धंदा आहे, तीच वायर त्यांनी इथे लावली होती. मी हात काढून घेतला आणि झाडाखाली जाऊन बसलो.

कैलास वाईट मुलगा नाही. त्याला काही माहीत नव्हतं. तो फोनवर कोणाला तरी सांगत होता, "गाडी दिसायला झकास आहे रे, पण फिटिंग कच्चं आहे. कोणी केलंय काय माहीत, नुसता जुगाड." आईने ते ऐकलं. ती पिशवी खाली ठेवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "अहो, तुम्हाला कळलंय ना काय झालंय? तुमच्या गप्प बसण्यावरून मला समजतं. उठा, सांगा त्याला. माझ्या पोराच्या कामाला कोणी कच्चं म्हणायचं नाही."

मग उठलो. अक्षयचा मीटर गाडीच्या खणात होता, तो बोर्डाला लावला. एसी बंद असताना व्होल्टेज दोनशे वीसच्या वर, आणि कॉम्प्रेसर सुरू होताच दीडशेवर. मी कैलासला दाखवलं. दौलतराव रागावले. "माझ्या वायरीला नावं ठेवू नका. तिच्यावर शेकड्यांनी लग्नं लागलीत." आई म्हणाली, "लग्नात पंखे असतात, भाऊ. नवरानवरीला कोण एसी लावतं?" तेच आधी हसले. मग गाडी विहिरीजवळच्या पंपघरापाशी नेली, दौलतरावांनी पंप बंद केला आणि गाडीतली, अक्षयने घेतलेली जाड केबल पंपाच्या बोर्डाला सरळ जोडली. एसी सुरू झाला. घुं आवाज आला तसा आईने माझा दंड धरला. बंद पडला नाही. मीटरवर काटा दोनशे दहाच्या आसपास राहिला. तासाभराने आत इतकं गार झालं की आईने पदर खांद्यावरून ओढून घेतला. ज्याने हे काम केलं तो आमचा मुलगा होता, हे तिनेच कैलासला सांगितलं.  तो बिचारा वाकून तिच्या पाया पडला. त्याने परत केलेली चावी पुन्हा त्याच्या हातात मी दिली नाही, आईने दिली.

येताना आम्ही रिक्षा केली. बदलापूर मागे पडल्यावर आईने मला एक गोष्ट सांगितली, जी तिला पंधरा दिवसांपूर्वी तुझ्या आईकडून कळली होती आणि तिने माझ्यापासूनही लपवली होती. तुझ्या ऑफिसातल्या सुयोगने तुला लग्नाचं विचारलं आणि तू नाही म्हणालीस. मुलगा आवडत नाही म्हणून नाही. अक्षयची गाडी ज्या दारात उभी आहे, त्या दारातून मी कशी निघू, असं म्हणालीस. रिक्षात आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "पोरीने आपल्यासाठी बांधून घेतलंय स्वतःला, आणि मी रोज काच पुसत बसले." म्हणून लिहितोय. गाडी आता दारात नाही. तुझ्या मनातच नसेल तर आम्ही पुन्हा हा विषय काढणार नाही, पण आमच्यासाठी नाही म्हणू नकोस. तुझी खोली तुझीच राहील, तू कुठूनही आलीस तरी. मनात असेल तर येत्या रविवारी त्याला घेऊन जेवायला ये. आईने बोंबलाचं कालवण करायचं ठरवलंय. तो मासे खातो का, तेवढं विचारून आईला फोनवर सांग.

तुझाच,
पप्पा