हॉलमध्ये वाळत घातलेली चाकं

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. (वाकून केला असं समज. सध्या मी वाकलो तर उठवायला दोन माणसं लागतात. कारण पुढे येईलच.) तुझा खोकला कसा आहे? काढा घेतेस की नुसता उकळून ठेवतेस? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे तुझी भावजय बरी आहे आणि मी, तिच्या म्हणण्याप्रमाणे, वाया गेलो आहे.

झालं असं. मागच्या खेपेला आमच्या लेकीने गाडीवरचा ओरखडा पाहिला आणि म्हणाली, "बाबा, आणखी एक दिसला तर किल्ली मी घेऊन जाणार." मी हसलो. (दुसरं काय करणार?) पण ताई, किल्ली गेली की माणूस कुठे जात नाही, त्याला नेतात. दवाखान्यात नेतात, बँकेत नेतात आणि परत आणून ठेवतात. आणि नेमकं गेल्या मंगळवारी गाडी लावताना फुटपाथ माझ्या अंगावर आला. (तुझी भावजय म्हणते फुटपाथ जागचा हलला नव्हता. तिचं लक्ष नव्हतं.) चाकाची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली, आणि लेक रविवारी येणार!

ही चाकं अ‍ॅल्युमिनियमची. टायरवाला म्हणाला, "काका, ठेवून जा, आठ दिवसांनी या." आठ दिवस कुठून आणू? म्हटलं, जन्मभर शाळेत भूमिती शिकवली, वर्तुळाला आपण काय घाबरायचं! पॉलिशपेपर, खड्डे बुजवायची लांबी, प्रायमर आणि चंदेरी स्प्रे घेऊन घरी आलो.

पॉलिशपेपरचं एक शास्त्र असतं: आधी खरखरीत, मग बारीक. मी आधी बारीक घेतला, काही होईना. मग चिडून खरखरीत घेतला आणि एका ओरखड्याचे साठ केले. ते घालवण्यात बुधवार गेला, आणि गुडघेही गेले. गुरुवारी खड्ड्यांत लांबी भरून, वाळवून, घासून कड बोटाला लागेनाशी केली, तेव्हा मात्र छाती फुगली. टायरला रंग लागू नये म्हणून टायर आणि कड यांच्या फटीत पत्ते खोचतात, हे टायरवाल्यानेच सांगितलं होतं. घरात पत्त्यांचा एकच जोड, तो तुझ्या भावजयीच्या रमीचा. बावन्न पत्ते गोल खोचले, तर चाक सूर्यफुलासारखं दिसायला लागलं. प्रायमरपर्यंत सगळं ठीक होतं. स्प्रे मारला आणि वारा फिरला. क्षणात सगळं धुरकट! मला वाटलं, मोतीबिंदू एका झटक्यात पिकला. "अगं, मला दिसत नाहीये गं!" मी ओरडलो. ती धावत आली, माझा चष्मा काढला, घासून पुसला, परत नाकावर ठेवला, आणि मग तिला पत्ते दिसले. त्यापुढचं संभाषण पत्रात लिहिण्यासारखं नाही.

पण चाक, ताई, असं झळकलं की बाकीची तीन नव्या सदऱ्याखालच्या विटक्या पायजम्यासारखी दिसायला लागली. मग तीही काढली. शनिवारी दुपारी गाडी दारात लाकडी ठोकळ्यांवर उभी, चारही चाकं हॉलमध्ये वर्तमानपत्रांवर वाळत घातलेली, आणि मध्ये मी. लेक एक दिवस आधीच उगवली.

"बाबा, चाकं चोरीला गेली?" ती दारातूनच ओरडली.

खोटं कशाला बोलू, 'हो' ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तुझी भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली, "चोर हॉलमध्येच बसलाय. नाक बघ त्याचं." (नाक अजून चंदेरीच होतं.)

मग सगळं सांगितलं, फुटपाथसकट. लेक चाकाशेजारी उकिडवी बसली, कडेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मला वाटलं, आता हात पुढे करून किल्ली मागणार. ती हळूच म्हणाली, "माझी पण करून द्याल?"

बाहेर जाऊन पाहिलं. तिने गाडी भिंतीला अशी चिकटवली होती की डावी बाजू मुंगीलाही दिसू नये. त्या बाजूची दोन्ही चाकं माझ्याहून वाईट! "ह्यांना सांगू नका हं," ती म्हणाली, म्हणजे आमच्या जावयांना. ("आईला सांगू नका" असं सातवीत म्हणायची, त्याच आवाजात.)

रविवारी चाकं चढवली आणि आम्ही दोघं एक चक्कर मारून आलो. मी गाडी लावली. तिने उतरून, वाकून पाहिलं. फुटपाथपासून चांगलं वीतभर अंतर. किल्ली माझ्याच खिशात आहे, आणि तिची गाडीही सध्या माझ्याच दारात आहे.

तब्येतीला जप.

तुझा,
चंदेरी नाकाचा भाऊ

ता.क. स्प्रे अर्धा उरला आहे. तुमची गाडी इकडे आणा. डावीकडचं मागचं चाक करायला हवं.

ता.क. दुसरं: ते चाक दाजींनी घासलेलं नाही. गेल्या वर्षी तुमच्याकडे आलो होतो, तेव्हा दूध आणायला म्हणून गाडी मी नेली होती. दाजी झोपले होते. तू तो ओरखडा त्यांच्या डोळ्यांच्या नावावर टाकून किल्ली कपाटात ठेवलीस, तेव्हा मी समोरच चहा पीत होतो. (दुसरा कपही मागितला.)

ता.क. तिसरं: किल्ली त्यांना दे. गाडी त्यांनाच चालवत आणू दे.