कॅसेटवरची गुलाबी पट्टी

६ ऑक्टोबर २००२

पहिलं वाक्य झालं! "हा संगणक माझ्या अब्बांनी १९८७ साली कुवेतहून माझ्यासाठी पाठवला." चार वेळा वाचलं. वेबसाइट अशीच सुरू करायची.

मग आमच्या मशीनचं पान, ते टीव्हीला कसं जोडायचं त्याचं पान, कळांवरच्या अरबी अक्षरांचं एक. दापोलीला एका निवृत्त प्राध्यापकांकडे असंच दुसरं मशीन आहे, त्यांना पत्र टाकलंय. ब्लँकेटं आणि अत्तराच्या बाटल्यांबरोबर असे किती संगणक कोकणात आले असतील — कोणी लिहून ठेवलं नाही. मी ठेवीन.

मराठीतच लिहिणार. संगणकाच्या क्लासमध्ये माझ्याबरोबर शिकवणारी मैना म्हणते, फाँट उतरवून घ्यायला कोण बसणार? आणि फोटो लहान कर, नाहीतर पान उघडेपर्यंत माणूस बंदरावरून मासळी घेऊन परत येईल.

८ ऑक्टोबर

मैनाने विचारलं, प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायचीस ना, मग कॅसेटचं पान कुठाय? तीच तर खरी गंमत!

करते म्हटलं. नाही करायचं मला.

९ ऑक्टोबर

इथे तरी लिहू. इथे कोण वाचतंय.

अब्बा पत्र पाठवत नसत, कॅसेट पाठवत. दादांना, म्हणजे त्यांच्या वडिलांना, वाचता येत नव्हतं म्हणून. गावाकडचं कोणी सुट्टीवर निघालं की त्याच्या बॅगेत कॅसेट यायची. आधी अम्मी आतल्या खोलीत एकटी ऐकायची. संध्याकाळी ओटीवर सगळे. मी तिसरीपर्यंत शाळेत गेले नाही, घरीच शिकले — आणि अर्धं त्या कॅसेटींवर. "कनीज, तेरा पंचे?" असं विचारून अब्बा थांबायचे. टेपमध्ये नुसती खरखर. मी उत्तर दिलं की "शाब्बास" यायचं. मी चुकले तरी यायचं!

मशीन आलं तेव्हा मी नऊ वर्षांची. चुलतभाऊ उमेर बुरोंडीहून शाळेसाठी आमच्याकडे राहायला होता, बारा वर्षांचा. आम्ही दोघं पुस्तक बघून शिकलो. घरात टेपरेकॉर्डर एकच. एके दुपारी मी पाढ्यांचा प्रोग्रॅम साठवायला रेकॉर्डचं बटण दाबलं. आत सरावाची कॅसेट असणार असं धरून चालले. बघितलं नाही.

संध्याकाळी अब्बांची नवी कॅसेट ऐकायला सगळे ओटीवर बसले. दादांनी टेप लावला आणि अब्बांच्या सलामाऐवजी कर्कश्श किंकाळी — तीन मिनिटं. प्रोग्रॅम कॅसेटवर गेला की तसाच वाजतो. मग एकदम अब्बा, वाक्याच्या मधूनच.

दादांनी विचारलं कोणी केलं. उमेर म्हणाला, मी नाही. दादांनी त्याला मारलं. मी दाराला धरून उभी होते. तोंडातून शब्द निघाला नाही. पुढच्या जूनला त्याला बुरोंडीला परत पाठवलं. तिथे शाळा सुटली, होडीवर गेला.

आणि कॅसेटीनंतर चार महिन्यांनी अब्बा कामावर असताना परांचीवरून पडले. गेले. ती शेवटची कॅसेट होती.

१० ऑक्टोबर

कालचं पान फाडणार होते. नाही फाडलं.

१३ ऑक्टोबर

क्लासमधल्या मुलांना सांगत होते, आपली चूक आपण लिहून ठेवावी, म्हणजे प्रोग्रॅम सुधारता येतो. स्वतःचाच आवाज ऐकून कान तापले. मध्येच थांबले. त्यांना वाटलं मी पुढचं विसरले.

खोटं बोलून वेबसाइट करायची तर कशाला करायची? कॅसेटचं पान होईल, आणि खरं होईल. पण आधी उमेर.

१५ ऑक्टोबर

मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन आले. उमेर आता इथल्याच एका ट्रॉलरवर खलाशी आहे. बर्फाच्या पेट्या उतरवत होता. मी एका दमात सगळं सांगितलं, त्याच्या पायांकडे बघत.

तो हसत म्हणाला, "चौदा वर्षांनी आलीस सांगायला? माझा बर्फ वितळतोय गो."

मग हसायचा थांबला. त्याला तेव्हाच ठाऊक होतं. मी दारात थरथरत होते ते त्याने पाहिलं होतं. का नाही बोललास विचारलं, तर म्हणे एकाचा मार खाऊन झाला होता, आणखी एकाला कशाला. मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं!

निघताना त्यानेच विचारलं, "पण बटण दाबलं कसं गेलं? चाचांच्या कॅसेटीला तर भोक असायचं."

खरंच की. अब्बा कॅसेटीच्या कडेची प्लास्टिकची चिप मोडूनच पाठवायचे. ती मोडली की रेकॉर्डचं बटण खाली जातच नाही. सरावाच्या जुन्या कॅसेटींना आम्ही त्या भोकावर चिकटपट्टी लावायचो.

"पट्टी असणार," मी म्हटलं.

"तू लावलीस?"

"नाही."

"मग मी पण नाही," उमेर म्हणाला, आणि पेटी उचलली.

१७ ऑक्टोबर

फोटो काढायचा म्हणून अम्मीकडे कॅसेट मागितली. तिने ट्रंकेची किल्ली दिली.

भोकावर पट्टी आहे. गुलाबी, औषधाची. तसली पट्टी घरात एकच माणूस वापरायचं. मासे साफ करताना बोट कापलं की अम्मी लावायची.

कॅसेट लावली. किंकाळी संपल्यावर अब्बा आले. शेवटी विचारलं, "तेरा सत्ते?" आणि थांबले. मी एक्याण्णव म्हटलं. शाब्बास म्हणाले. ते शाब्बास माझं नाही, असं वाटून टेप बंद केला.

१८ ऑक्टोबर

अम्मी मोरीवर बांगडे धूत होती. मी आधी माझं सांगितलं — की तेव्हा मी पुसलं, उमेरने नाही. तिने मान वर केली नाही. मग पट्टीचं विचारलं.

"मी लावली."

"आणि टेपमध्ये?"

"मीच ठेवली. दुपारी तू बसतेस ते माहीत होतं मला."

उमेरला मार बसला, म्हटलं. तिने एकच बांगडा तीनदा धुतला.

मी विचारलं, अब्बा सुरुवातीला काय बोलले होते? म्हणाली, आज नको विचारू.

एवढी वर्षं मी हिच्यापासून लपवत होते, आणि ही माझ्यापासून. एकाच घरात.

२० ऑक्टोबर

आज अम्मीने आपणहून सांगितलं, सुरुवातीला अब्बा काय बोलले होते ते. "तू कुणापुढे तोंड उघडत नव्हतीस. त्या मशीनपुढे बसलीस की पाढे मोठ्याने म्हणायचीस. मी कसं देऊ गो ते?"

पहिलं वाक्य खोडलं. आता असं आहे — "हा संगणक माझ्या अब्बांनी १९८७ साली कुवेतहून माझ्या चुलतभावासाठी, उमेरसाठी, पाठवला."

मशीन टीव्हीपासून सोडवून ब्लँकेटात गुंडाळलंय. उमेरची बोट शुक्रवारी लागते.