शिलाईमावशीचा डावा हात

ता. १७ जानेवारी, शनिवार दुपार

प्रिय सिस्टर,

तुला खूप खूप आशीर्वाद. तुझी आई बरी असेल आणि तूही दोन घास नीट जेवत असशील असं धरून चालते. तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. रागावले नाहीये गं. पत्राचं एक बरं असतं, ते वाजत नाही. वाटेल तेव्हा उघडावं. पत्ता ऑफिसातल्या क्लार्ककडून काढला. आधी नाहीच म्हणाला, मग मी त्याच्या पँटची चेन बदलून दिली.

इकडचं सगळं जिथल्या तिथे आहे. डायलिसिसच्या खोलीतला पंखा अजून कुरकुरतो. तुझ्या जागी आलेली मुलगी हाताने हलकी आहे, सुई छान टोचते, पण तोंडातून शब्द काढेल तर शपथ. टोचते, पट्टी लावते, पुढच्या खुर्चीकडे जाते. "मावशी, या हाताने बादली उचललीत तर माझ्याशी गाठ आहे!" असं दरडावणारं कुणी राहिलं नाही. जेवण आधीच अळणी होतं, आता दिवसही अळणी झालाय.

नवे एक पेशंट आलेत, शाळेतले मास्तर. परवा फिश्चुल्याच्याच हातावर, डायलिसिसच्या सुईसाठी शीर जोडून घेतली त्याच हातावर, घड्याळ बांधून आले. मी म्हटलं, "मास्तर, शीर आवळून बंद पडली तर वेळ बघायला कोण राहणार?" बिचाऱ्यांनी काढून खिशात टाकलं. त्यांच्या शर्टाची बाही खांद्यापर्यंत उसवून टिचबटणं लावून दिली, आपल्या सगळ्यांना दिली तशी.

माझंही ठीक आहे. माझं नंतर.

आधी हॉर्नचं सांगते. त्याचा विषय काढलेला तुला चालणार नाही, माहीत आहे. तरी वाच. त्याच्या मोठ्या आवाजामुळे नाव पडलं हॉर्न, पण तुझ्यापुढे तो टेम्पोवाला कसा शाळेतल्या पोरासारखा बसायचा. त्याच्या हातावरच्या फुगवट्याची कातडी चकाकायला लागली, ती पहिल्यांदा तुलाच दिसली. सोमवारी सर्जनला दाखव, नाहीतर मी टेम्पोत बसून येईन, असं तू त्याला आम्हा सगळ्यांसमोर बजावलंस. रविवारी घरातच ती जागा फुटली. घरच्यांनी टॉवेलवर टॉवेल गुंडाळले, रक्त आतल्या आत भिजत राहिलं, आणि हॉस्पिटलपर्यंत पोचेतो उशीर झाला.

जाताना तू जिन्यात मला म्हणालीस, "मावशी, मी त्यालाच शिकवत बसले. त्याच्या बायकोला एकदा तरी बोलवायला हवं होतं." कपाट लावल्यासारखा तुझा चेहरा बंद झाला होता. तू रजेवर गेलीस ती गेलीसच.

गेल्या महिन्यात त्याची बायको आली होती. माझं डायलिसिस नुकतंच संपलं होतं. त्या दिवशी रक्तदाब फार खाली गेला होता, म्हणून मला बाकावर बसवून ठेवलं होतं. ती शेजारी येऊन बसली. कुणाला भेटायचंय विचारलं, तर म्हणाली, "कुणालाच नाही. मला एवढंच कळायला हवंय, कसं दाबायचं होतं ते."

सिस्टर, मी तशीच उठले. तुझ्या शिकवणीसाठी मी शिवलेला तो कापडी हात कपाटातून काढला आणि तू दाखवायचीस तसं दाखवलं. गुंडाळायचं नाही. जिथून रक्त येतंय तिथेच, बरोबर त्याच जागी, फडक्याची घडी धरून बोटाने घट्ट दाबायचं. हात वर धरायचा. सोडून बघायचं नाही. दुसऱ्याला गाडी बोलवायला लावायची.

तिने दोनदा करून पाहिलं. मग म्हणाली, "एवढंच?"

मी तिचा हात हातात घेतला. तशी ती म्हणाली, "तुमचा हात बघू? ते माझी बोटं रोज स्वतःच्या हातावरच्या थरथरीवर ठेवायचे. म्हणायचे, बघ, इंजिन चालू आहे. सिस्टरबाईंनी काय काय सांगितलं ते जेवताना पाठ म्हणून दाखवायचे. दाबायचं कसं तेही सांगितलं होतं. आम्ही हसायचो. म्हणायचो, आता जेवू द्या."

ऐकलंस? त्याने घरी सांगितलं होतं. त्या बाईने स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं.

मी बाही सोडून डावा हात पुढे केला. "दाबू नका हं, नुसती बोटं ठेवा." तिने अलगद ठेवली, जरा सरकवली, पुन्हा ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, यात काहीच लागत नाहीये."

मी स्वतः बोटं ठेवून पाहिली. हात कानाला लावून पाहिला. सकाळी उठल्या उठल्या थरथर होती, तू शिकवल्याप्रमाणे बघितली होती. आता हात म्हणजे नुसता हात होता.

ती रडायला लागली. "मी काही केलं का? माझ्या बोटांनी झालं का?" तशी रडत रडतच तिने मला धरून डॉक्टरांपुढे नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब उतरला तेव्हाच गुठळी झाली, कुणाच्या बोटाने असं होत नसतं. त्याच दिवशी गुठळी काढायचा प्रयत्न झाला. दोन दिवस शीर चालली आणि पुन्हा बसली. आता त्याच हातात कोपराजवळ नवीन फिश्चुला केलाय. तो तयार होईपर्यंत डायलिसिससाठी मानेत नळी आहे. नळीची जागा कोरडी ठेवायची असते, म्हणून आंघोळ अंग पुसण्यावर. उजवा हात वाचला, कात्री धरता येते. रात्री कूस बदलायची भीती वाटते, तेवढं सोडलं तर ठीक आहे.

हे तुला कळवायचं नाही असं ठरवलं होतं. मग वाटलं, कळवायलाच हवं. मी बादली उचलली नाही, त्या हातावर झोपले नाही, घट्ट बाही घातली नाही, रोज सकाळी बोटं ठेवली. सगळं केलं, तरी तो बंद पडला. आता सांग, यात तुझी चूक काढू की माझी? हॉर्नची बायको अजून फोन करून विचारते, "नक्की माझ्याने नाही ना झालं?" मी दर वेळी नाही म्हणते. तिकडे तूही स्वतःला हेच विचारत बसली असशील. तुलाही माझं तेच उत्तर आहे.

आणि खरं सांगू? ती तिथे बसली नसती, तर हात बंद पडल्याचं मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं असतं.

परत ये असं मी म्हणणार नाही. तुझं मन तुला माहीत. पण मास्तरांच्या सुनेने विचारलं, घरच्यांना कुणी शिकवतं का इथे. मी तिला येत्या मंगळवारी बोलावलंय. मला येतं तेवढं सांगेन, चुकलं तर कोण सुधारणार ते ठाऊक नाही.

नवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात, छान चाललाय. ते शिकलेले आहेत, खोटं कशाला बोलतील? पण तू बोटं ठेवून "हं" म्हणालीस की मगच मी मानेन.

तुझी, अजून असलेली,
शिलाईमावशी